नऊ नंबरच्या पेटीचा दुसरा खटका

मी नऊ नंबरची पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, पत्रांची नव्हे, मतांची तर मुळीच नव्हे. मी खाण्याची पेटी. डोंगरातल्या एका राष्ट्रीय उद्यानात, रस्ता संपतो तिथून अर्ध्या तासाच्या चढावर, तंबू ठोकायच्या बारा जागा आहेत. प्रत्येक जागेला एक सपाट ओटा, एक बाक, एक चूल आणि आमच्यातली एक पेटी. वीज नाही, नळ नाही. पाणी झऱ्याचं आणि संडास पार त्या देवदारांच्या पलीकडे. लोक हौसेनं येतात आणि पहिल्याच संध्याकाळी एकमेकांना विचारतात, आपण इथे का आलो?

माझा स्वभाव चौकस. खरं सांगायचं तर भोचकच. पण माझा तरी काय दोष? माझ्या पोटात रोज नवनवीन माणसांचं सामान येऊन पडतं. त्यात नाक खुपसायचं नाही म्हटलं तर मग करायचं काय?

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. जाड पत्रा कापणारा एक, वाकवणारा दुसरा आणि जोड मारणारा तिसरा. जोड मारणारा सारखा शिंकायचा, त्यामुळे माझ्या उजव्या कडेला एक जोड वेडावाकडा आहे. आम्ही चाळीस जणी एकदम तयार झालो. त्यातली एक निवडून प्राणिसंग्रहालयात नेली, तिच्यात मध आणि मासे भरले आणि तिला चांगल्या दांडग्या अस्वलाच्या पुढ्यात ठेवून दिलं. तासभर त्यानं तिला लोळवली, चावली, तिच्यावर बसलं. ती उघडली नाही. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आपण कशासाठी आहोत. तोवर मी आपली समजत होते की मला कुणाच्या तरी घरात कपड्यांसाठी ठेवतील.

मग ट्रक, मग चार माणसांचे खांदे, मग सिमेंट. मला जमिनीत पक्की बसवली, आत मधोमध एक लाकडी फळी टाकली, दारावर पांढरा नऊ काढला. त्याला आता चौदा वर्षं झाली.

माझ्या दाराची एक गंमत आहे, ती आधीच सांगते, कारण पुढे सगळं तिच्यावरच येतं. कडीवर लोखंडाची एक टोपी आहे. त्या टोपीखाली हात उलटा घालून आतली जीभ दाबली की दार उघडतं. अस्वलाचा पंजा तिथे मावत नाही. लावताना मात्र नुसतं दार लोटून भागत नाही. लोटलं की वरचा आकडा बसतो, खट्. मग खाली गुडघ्यानं किंवा तळव्यानं जोर द्यायचा, तेव्हा खालचा आकडा बसतो, दुसरं खट्. दोन खटके वाजले तर मी बंद. एकच वाजला तर मी बंद दिसते, इतकंच.

आमच्या कॅम्पची राखण एक बाई करतात. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीताई म्हणतात. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवत नाहीत. नवीन माणसं आली की त्या त्यांना पेटीपुढे उभं करतात आणि म्हणतात, "खिसे उलटे करा." मोठे साहेब असोत, नाहीतर लग्नाला चार दिवस झालेलं जोडपं असो. ज्याला ज्याला वास येतो ते सगळं पेटीत: कांदे, पाव, अंडी, तसाच साबण, टूथपेस्ट, ओठांना लावायचं मलम, खोकल्याचं औषध. तंबूत फक्त माणसांनी झोपायचं.

लोक कुरकुरतात. काय काय निघतं त्या खिशांतून! एका प्राध्यापकांच्या खिशातून अर्धी खाल्लेली जेलीची गोळी निघाली, ती रुमालाला चिकटलेली. एका गृहस्थांकडे कुत्र्याची बिस्किटं निघाली आणि कुत्रा काही बरोबर नव्हता. ती ते स्वतः खात असावेत असा माझा संशय आहे. चार दिवसांत पुडा निम्मा झाला होता. अशा गोष्टींचा छडा लावत बसणं हाच माझा विरंगुळा.

ताईंची ही कडक शिस्त उगाच नाही. इथे एक अस्वलीण आहे, डावा कान फाटका. ताईंनी तिला अगदी पिल्लू असल्यापासून पाहिलंय. उद्यानाचा एक नियम आहे: जनावराच्या तोंडाला माणसाचं खाणं लागलं की त्याची नोंद होते. तशी नोंद तिसऱ्यांदा झाली की ते जनावर ठेवत नाहीत, गोळी घालतात. कारण मग ते माणसांच्याच वाटेवर येऊन बसतं आणि कधीतरी कुणाचा जीव जातो. फाटक्या कानाच्या नावावर दोन नोंदी झाल्या होत्या. एकदा कुणीतरी बाकावर बिस्किटांचा पुडा विसरलं. दुसऱ्यांदा एकानं फोटो चांगला यावा म्हणून केळं फेकलं. दोन्ही नोंदी ताईंनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिल्या. खोटं त्या लिहीत नाहीत. केळ्याच्या वेळी लिहिताना मात्र त्या माझ्या माथ्यावर वही ठेवून बराच वेळ नुसत्याच बसल्या होत्या.

आता माझ्या माणसांकडे वळते. आठ वर्षं लागोपाठ, झाडांची पानं पिवळी पडायला लागली की, एक जोडपं नऊ नंबरवर यायचं. तो घड्याळं दुरुस्त करणारा. ताई त्यांना घड्याळजी काका म्हणायच्या. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, ऐकू जरा कमी. आणि त्याची बायको, काकू. काकू म्हणजे सगळा कारभार. तंबू तो ठोकायचा, पण कुठे ठोकायचा ते काकू सांगायच्या. पेटी तर पूर्ण त्यांचीच. "अहो, ते इकडे द्या, तुम्हाला जमायचं नाही," असं म्हणून सगळं सामान हातातून काढून घ्यायच्या आणि स्वतः लावायच्या. आठ वर्षांत घड्याळजींचा हात एकदाही माझ्या कडीला लागला नाही. दोन खटके मला नेहमी काकूंच्या गुडघ्यानं दिले. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी.

त्या दुखण्यावर त्या घरीच मलम करायच्या. मधमाश्यांचं मेण, थोडा मध, लवंगेचं तेल आणि आणखी कसलातरी पाला. तो पाला कुठला ते मला आजवर कळलेलं नाही. मलम काचेच्या बुटक्या बरणीत असायचं. बारीक स्क्रू फिरवून फिरवून घड्याळजींची बोटं आखडायची, त्यांनाही तेच लागायचं. आल्या आल्या ती बरणी माझ्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात. दर वर्षी तीच जागा. झाकण कधी नीट बसायचं नाही, बुडाशी मलम ओघळायचं, आणि ताई मागाहून सोडा घालून फळी घासताना वैतागायच्या.

गेल्या वर्षी पानं पिवळी झाली आणि घड्याळजी आले. बरोबर काकू नव्हत्या, त्यांची मुलगी होती, तिशीची. शाळेत विज्ञान शिकवते. ताईंनी चढावरूनच हाक मारली, काकू मागे राहिल्या का? मुलीनं नुसती मान हलवली. त्या दिवशी ताई "खिसे उलटे करा" सुद्धा हळूच म्हणाल्या.

मुलीनं सगळं काढून दिलं. घड्याळजींनी उजवा खिसा उलटा केला, भिंग निघालं. डावा खिसा त्यांनी नुसता वरून थोपटला आणि काही नाही म्हणाले. एरवी ताईंनी सोडलं नसतं. त्या दिवशी सोडलं.

मी मात्र फळीचा डावा कोपरा रिकामा पाहून चक्रावले. बरणी कुठे? घरी विसरले? विसरणारी माणसं नव्हेत ही. काकूंना बरं नाही का? मग बरणी त्यांच्याजवळच असेल, उशाशी. असे नाना तर्क मी दोन दिवस करत होते.

मुलगी पाठमोरी झाली की घड्याळजी बाकावर जाऊन बसत. कोटाच्या डाव्या खिशात हात जाई. झाकण फिरल्याचा बारीक आवाज होई, लगेच परत फिरल्याचा. आणि मग वाऱ्यावर अगदी पुसट, मेण आणि लवंग. ते मलम बोटांना लावत नव्हते. नुसतं हुंगत होते आणि लगेच बंद करत होते. तेव्हा मला सगळं कळलं. काकू आता नव्हत्या, आणि त्यांनी केलेली ती शेवटची बरणी होती. जितक्या वेळा उघडायची तितका वास कमी होणार, म्हणून ते मोजूनमापून उघडत होते. मला फार वाईट वाटलं. पण त्याच वेळी भीतीही वाटली, कारण मेण आणि मध कोटाच्या खिशात होता आणि तो कोट ते तंबूत उशाला घेत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. तोवर पेटी मुलगीच लावत होती. जेवणं झाली. मुलगी भांडी घेऊन झऱ्यावर गेली. जाताना म्हणाली, बाबा, सामान तेवढं पेटीत टाका. घड्याळजींनी एकेक वस्तू आणली. किती नीट लावलं म्हणता! पाव एका रेषेत, अंडी कडेला, डबे उंचीप्रमाणे. काकूंनी कधी इतकं नीट लावलं नव्हतं. मग दार लोटलं.

खट्.

मी वाट पाहिली. खाली जोर द्या, काका, एवढंच द्या. ते क्षणभर कान देऊन उभे राहिले. आयुष्यभर टिकटिक ऐकून लोकांची घड्याळं बरी करणारा माणूस तो. एक आवाज ऐकू आला, त्यांचं समाधान झालं. कोट उन्हात तंबूच्या दोरीवर टाकला आणि ते पन्नासेक पावलांवरच्या वळणावर दरी बघायला गेले.

ती झुडपांतून आली ती अजिबात घाई न करता. फाटका कान मी लांबूनच ओळखला. सरळ माझ्याकडे आली. नाकाचा गार ओला गोळा माझ्या दाराच्या फटीवर. कारखान्यातली ती माझी बहीण आठवली आणि मी म्हटलं, ती बंद होती बाई, मी नाही. एक नख फटीत गेलं. दार दोन बोटं पुढे आलं. वरच्या आकड्यावर सगळा भार. आणखी एक हिसका बसला असता तर माझं दार, सगळी अंडी, पाव आणि तिचं आयुष्य, सगळं एकदम मोकळं झालं असतं.

तेवढ्यात वारा फिरला. तिनं मान वर केली. मेण, मध. मला सोडून ती दोरीकडे निघाली.

तिनं कोट खाली ओढला आणि पंज्यानं उलटापालटा केला. बरणी बाहेर पडून घरंगळली. तिनं ती दोन पंज्यांत धरली, काकू धरायच्या जवळजवळ तशीच, आणि झाकणाला दात लावला.

घड्याळजींनी वळून पाहिलं ते तेव्हा. ताईंनी सांगितलेलं सगळं लोक विसरतात: पळू नका, हात वर करा, मोठ्यानं ओरडा. यांचा तर आवाजच कधी चढलेला मी ऐकला नव्हता. पण त्या वेळी तोंडातून निघालं ते आठ वर्षांत नव्हे, चाळीस वर्षांत जिभेला बसलेलं होतं.

"अगं ए! ठेव ते! ठेव म्हणतो ना खाली!"

दरीतून आवाज परत आला. अस्वलीण थबकली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, जरा नवलानंच. तिला आजवर इतक्या घरगुती सुरात कुणी रागावलं नसावं. खालून ताईंची शिट्टी कडाडली, मुलीनं झऱ्यावरून पातेली आपटायला सुरुवात केली. अस्वलिणीनं बरणी टाकली आणि झुडपांत निघून गेली.

ताई धापा टाकत वर आल्या. आधी बरणी उचलली. झाकणावर दाताचा एक खळगा, पण झाकण बसलेलं होतं. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे आल्या, दार दोन बोटांनी ओढलं. वरचा आकडा निसटायला आलाच होता, ते उघडलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं.

"काका, हिची तिसरी वेळ झाली असती आज. मला वहीत लिहावं लागलं असतं आणि उद्या सकाळी बंदूक घेऊन माणसं आली असती."

घड्याळजी बाकावर बसले. म्हणाले, मी लावलं होतं दार, आवाज ऐकला मी. ताईंनी विचारलं, किती वेळा वाजलं? एकदा, ते म्हणाले. ताई म्हणाल्या, दोनदा वाजायला हवं. घड्याळजी मान खाली घालून म्हणाले,

"दुसऱ्यांदा ती वाजवायची. मला वाटायचं, ते आपोआप वाजतं."

मुलगी आली होती, तिनं हातातली पातेली तशीच खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसली. बरणीबद्दल तिला काही माहीत नव्हतं. ताईंनी रागातच विचारलं, ही बरणी पेटीत का नाही दिलीत? तेव्हा त्यांनी सांगितलं. पेटीत कांदे असतात, साबण असतो. चार दिवसांत सगळ्याला सगळ्याचा वास लागतो. मग हिचा वास तेवढा राहणार नाही. घरातले कपडे धुऊन झाले, उशीचे अभ्रे धुऊन झाले, आता एवढंच उरलंय.

ताईंचा राग कुठच्या कुठे गेला. त्यांनी माझं दार सताड उघडलं, पाव आणि डबे बाजूला सारले आणि म्हणाल्या, "इकडे या. हा डाग बघा."

फळीच्या डाव्या कोपऱ्यात एक गोल आहे. बुटक्या बरणीच्या बुडाएवढा, काळपट, तुकतुकीत. आठ वर्षं तिथे मलम झिरपलं होतं. ताई म्हणाल्या, सोड्यानं घासला, राखेनं घासला, पोलादी काथ्यानं घासला, हा काही जात नाही. दर मोसमात मी या डागाला शिव्या घालते. नव्या लोकांना वाटतं इथे लवंगा सांडल्यात.

घड्याळजींनी खिशातलं भिंग काढलं, का कोण जाणे. मग ते परत ठेवून, वाकून, त्यांनी डोकं माझ्या आत घातलं. इतक्या वर्षांत माझ्यात पुष्कळ काही आलं होतं, माणसाचं डोकं पहिल्यांदाच. त्यांचे कान माझ्या पत्र्याला लागले. त्यांनी एक लांब श्वास घेतला. आणखी एक.

"अगं, तू इथे आहेस होय," ते म्हणाले.

ते मी आणि फक्त मीच ऐकलं. बाहेर मुलगी विचारत होती, बाबा, काय म्हणालात? काही नाही म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच्या हातानं बरणी त्या गोलावर ठेवली. तंतोतंत बसली. आणि दार लावायला शिकवा म्हणून ताईंच्या मागे लागले. लोटायचं, खट्. गुडघा टेकवून जोर द्यायचा. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा दुसरा खटका वाजला, तो त्यांना नीट ऐकू आला नाही, पण पत्र्यावर तळवा ठेवला होता, त्यात तो लागला. चेहरा असा फुलला, जसं काही जुनं बंद पडलेलं घड्याळ चालू झालंय. मग पंधरा-वीस वेळा उघड-लाव, उघड-लाव. मुलगी हसायला लागली. शेवटी ताईच म्हणाल्या, पुरे करा काका, पेटी झिजेल.

झिजले तर झिजले. मला तर तो दिवस संपूच नये असं वाटत होतं.

राहिलेले दिवस ते रोज सकाळी दार उघडत, बोटांना थोडं मलम लावत, हो, खरोखरचं लावत, आणि दोन खटके देऊन जात. निघायच्या दिवशी तंबू उतरला, सामान बांधलं, बरणी मुलीच्या पिशवीत गेली. माझ्यात काही उरलं नव्हतं. तरी घड्याळजी वळले, रिकाम्या पेटीचं दार लावलं, गुडघ्यानं जोर दिला. मुलगी म्हणाली, बाबा, आत काही नाहीये. ते म्हणाले, असू दे.

ताईंनी वहीत त्या दुपारची गोष्ट लिहिली. जसं घडलं तसं: पेटी नीट लागली नव्हती, अस्वल आलं, काही खाल्लं नाही, माणसाच्या आवाजानं गेलं. नोंदी दोनच राहिल्या. या वसंतात फाटक्या कानाची ती वरच्या उतारावरून गेली आणि तिच्यामागे दोन पिल्लं होती. ताईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली ती बऱ्याच वेळानं.

आता माझं म्हणाल तर नऊचा आकडा पुसट झालाय, वेड्यावाकड्या जोडाशी गंज धरलाय. उन्हाळ्यात कचेरीतून रंग आणि नव्या फळ्या आल्या. बाकी अकरा जणींना नव्या फळ्या बसल्या. माझ्यापाशी आल्यावर ताईंनी फळी उपटायला हात घातला, मग काढून घेतला. मला बाहेरून रंग मिळाला, आत जुनीच फळी राहिली. पण चौदा वर्षांत माझा खालचा आकडा सैल पडलाय. दुसरा खटका आता पूर्वीसारखा खणखणीत वाजत नाही, हळू वाजतो.

पानं परत पिवळी व्हायला लागलीत. चढावर पावलं वाजली की मी कान टवकारते. घड्याळजी येतील का, त्यांच्या खिशात यंदा काय असेल, बरणी रिकामी झाली असेल तर तिच्यात त्यांनी काय भरलं असेल, आणि तो पाला कुठला हे एकदाचं कुणी मला सांगेल का, असे माझे प्रश्न काही संपत नाहीत.

तुम्ही कधी इकडे आलात तर खिसे मोकळेपणानं उलटे करा. जे काही असेल ते माझ्याकडे द्या, मी कुणाला सांगत नाही. फक्त जाताना एक करा. पहिल्या खटक्यावर समाधान मानून निघू नका. तळवा माझ्या पत्र्यावर ठेवा, गुडघ्यानं थोडा जोर द्या आणि दुसरा लागेपर्यंत थांबा. तो आपोआप वाजत नाही.